एडिसनहून अंधाराकडे

१८७८ च्या जुलैत टॉमस अल्वा एडिसन रेल्वेनं वायोमिंगमधल्या रॉलिन्स या आडगावी पोहोचला. २९ जुलैला तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. सूर्याच्या प्रभामंडळाची उष्णता मोजण्यासाठी त्यानं ‘टॅसिमीटर’ नावाचं यंत्र बनवलं होतं आणि ते तिथे वापरून पाहायचा त्याचा बेत होता. उष्णता आहे एवढं यंत्रानं दाखवलं, किती आहे ते मात्र सांगता आलं नाही. ग्रहण आटोपून तो परतला आणि त्याच वर्षीच्या शरदात विजेच्या दिव्याच्या मागे लागला. १८७९ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत कार्बनच्या तंतूचा दिवा तासन्‌तास जळत राहिला. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरच्या रात्री, हे नवल पाहायला लोक आगगाडी भरभरून आले.

तो मेन्लो पार्कचा परिसर आज एडिसन टाउनशिपमध्ये येतो. अमेरिकेतल्या मराठी माणसाला एडिसन हे नाव वेगळ्याच कारणानं ठाऊक असतं: ओक ट्री रोडवरची किराणा दुकानं, गणपतीच्या दिवसांतली धावपळ, शनिवारच्या मराठी शाळा. प्रयोगशाळेच्या जागी एक मनोरा उभा आहे आणि त्याच्या टोकावर भलामोठा काचेचा दिवा आहे. या गावातून आकाशगंगा दिसत नाही. चांगल्या रात्री काही डझन तारे, एखाददुसरा ग्रह आणि नेवार्कच्या विमानतळाकडे निघालेल्या विमानांचे दिवे, एवढंच आकाश तिथल्या मुलांच्या वाट्याला येतं.

हे एकट्या एडिसनचं दुखणं नाही. २०१६ साली जगातल्या कृत्रिम प्रकाशाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यानुसार उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ८० टक्के लोकांना राहत्या घरातून आकाशगंगा दिसत नाही. साऱ्या जगाचा विचार केला तर एक तृतीयांश माणसांना. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हौशी निरीक्षकांनी कळवलेल्या हजारो नोंदी तपासल्या होत्या. आकाशाचा उजेड दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतो आहे, असं त्यातून दिसलं. आज जन्मलेल्या मुलाला घराच्या अंगणातून २५० तारे दिसत असतील, तर ते मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्यातले शंभरच उरतील असा याचा अर्थ. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो. तारे कुठे गेलेले नाहीत. आपणच दिव्यांची तोंडं वर करून ठेवली आहेत.

म्हणून आकाश पाहायला शिकायचं असेल, तर पहिला खर्च दुर्बिणीवर करू नये, पेट्रोलवर करावा. एडिसनहून पाचेक तास पश्चिमेला गाडी हाकली की पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात पॉटर काउंटी लागते. तिथे चेरी स्प्रिंग्ज नावाचं सरकारी उद्यान आहे. अवघं ८२ एकरांचं, पण त्याच्या चहूबाजूंनी सस्केहॅनॉक हे अडीच लाख एकरांहून मोठं राखीव जंगल पसरलेलं आहे. उद्यान २३०० फूट उंचीच्या पठारावर आहे आणि आसपासची लहान गावं खाली दऱ्यांत वसलेली आहेत. गावांचे दिवे दरीतच अडकतात, वर पोहोचत नाहीत. चेरी स्प्रिंग्जच्या अंधाराचं अर्धं श्रेय या भूगोलाला आहे. उरलेलं अर्धं माणसांचं.

इथे आधी विमानं उतरवण्याचं मैदान होतं, त्यामुळे झाडं नसलेला सपाट माळ आयता मिळाला आणि क्षितिजापर्यंतचं आकाश मोकळं झालं. पुढे उद्यानाच्या दिव्यांना झाकणं बसली, नको ते दिवे काढले गेले, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा झोत माळावर पडू नये याची सोय झाली. मग नियम आले. रात्रभर निरीक्षण करणाऱ्यांसाठी एक माळ राखलेला आहे. तिथे आधी नोंदणी करून, पैसे भरून, दिवस असतानाच पोहोचायचं असतं. अंधार पडल्यावर पांढरा उजेड चालत नाही, फक्त लाल. ज्यांना तासदोन तास पाहून परत जायचं आहे त्यांच्यासाठी ४४ क्रमांकाच्या रस्त्याच्या पलीकडे वेगळी मोकळी जागा आहे, बसायला बाकं आहेत. नवख्या कुटुंबानं पहिल्या रात्री इथेच बसावं असं मी सुचवेन. लहान मुलं असली की कुणी ना कुणी गाडीचं दार उघडतंच, आतला दिवा लागतो, आणि रात्रभराच्या माळावर कॅमेरा लावून बसलेल्या माणसाची तासाभराची मेहनत त्या एका दारानं वाया जाते.

संध्याकाळी सातच्या सुमारास त्या माळावर एक चक्कर मारावी. लोक गाडीच्या आतल्या दिव्यांवर चिकटपट्ट्या लावत असतात. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद रबरानं बांधलेला असतो, लॅपटॉपच्या पडद्यावर लाल फिल्म चढलेली असते. कुणी दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेच्या तापमानाला यावा म्हणून तासभर आधीच तिचं झाकण काढून ठेवतो. कुणी घडीच्या खुर्चीला पाठ टेकून दुपारची अपुरी झोप पुरी करून घेतो. दिवस मावळला की बोलणं हळू आवाजात सुरू होतं आणि माळभर लाल ठिपके हलू लागतात.

लाल रंगाचा हा आग्रह का, हे मुलांना जरूर सांगावं. आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दंडपेशींना रंग कळत नाहीत, पण अगदी पुसट उजेडही त्या टिपतात. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. लख्ख उजेडात ते विघटित होतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात ती यामुळे. दंडपेशींना लाल प्रकाश जवळपास जाणवत नाही, म्हणून लाल टॉर्चनं नकाशा वाचला तरी सरावलेली नजर टिकते. मोबाइलच्या पडद्याकडे मात्र एकदा नीट पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून वाट पाहणं आलं. दंडपेशी डोळ्याच्या नेमक्या मध्यभागी नसतात, बाजूला असतात. त्यामुळे पुसट तेजोमेघ पाहायचा तर त्याच्याकडे सरळ न पाहता थोडं बाजूला पाहायचं, तो आपसूक उजळतो. ही तिरपी नजर जमायला एखादी रात्र लागते. जमली की एरवी नुसता धुरकट वाटणारा ठिपका आकार घेऊ लागतो आणि मुलं हरखून जातात.

अंधाराला डोळे सरावल्यावर चेरी स्प्रिंग्जमध्ये एक गोष्ट घडते, आणि ती शहरात वाढलेल्या माणसाला चकित करते. पूर्वेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे एक पांढुरका पट्टा दिसतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, “ढग आले वाटतं.” तीच आकाशगंगा. खरा ढग आला तर तो इथे काळा दिसतो. शहरात ढगांना खालून दिव्यांचा उजेड मिळतो म्हणून ते करडे-नारिंगी दिसतात. इथे खालून उजेडच नाही, त्यामुळे ढग म्हणजे ताऱ्यांमध्ये पडलेलं भगदाड. अंधाराची प्रत ओळखायची ही सगळ्यांत सोपी खूण. जॉन बॉर्टल या अमेरिकी निरीक्षकानं २००१ साली आकाशाच्या काळोखासाठी एक ते नऊ अशी श्रेणी सुचवली, ती आज जगभर वापरतात. एक म्हणजे निखळ अंधार, नऊ म्हणजे महानगराचा मध्य. न्यू जर्सीतली दाट वस्तीची गावं आठ-नऊच्या घरात येतात, चेरी स्प्रिंग्ज दोनच्या आसपास.

आता तारीख. नवखे लोक सगळ्यांत जास्त फसतात ते इथे. सुट्टी पाहून शनिवार-रविवार ठरवतात, सहा महिने आधी खोली आरक्षित करतात आणि जाऊन पोहोचतात ते नेमके पौर्णिमेला. भर चंद्रप्रकाशात चेरी स्प्रिंग्ज काय आणि एडिसन काय, आकाशगंगा दोन्हीकडे दिसत नाही. मराठी घराला या बाबतीत फार मोठी सवलत आहे, कारण स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं आणि चंद्राचं वेळापत्रक आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. संकष्टीचा उपास सोडायला चंद्राची वाट पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की पौर्णिमेनंतर चार दिवसांनी चंद्र रात्री नवाच्या पुढे उगवतो. रोज तो सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा येतो. म्हणजे कृष्ण अष्टमीपर्यंत चंद्रोदय मध्यरात्रीवर जातो आणि रात्रीचा पहिला भाग काळाभोर मिळतो. तिथपासून अमावास्या ओलांडून शुद्ध चतुर्थीपर्यंतचे दिवस निवडावेत. भारतातल्या आणि अमेरिकेतल्या तिथीत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, त्यानं इथे काही बिघडत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना अमावास्येला प्रवास नको असेल तर आदल्या दिवशी निघावं.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. महाराष्ट्रात सूर्य मावळल्यावर सव्वा-दीड तासात पुरता काळोख होतो. चेरी स्प्रिंग्ज जवळजवळ ४२ अंश अक्षांशावर आहे. तिथे जूनमध्ये सूर्य क्षितिजाकडे इतका तिरका उतरतो की मावळायलाच पावणेनऊ वाजून जातात आणि संधिप्रकाश विरायला रात्रीचे अकरा. मुलांना दुपारी झोपवलं नाही तर आकाशगंगा उजळेपर्यंत ती चटईवर गाढ झोपलेली असतात. ऑगस्टचा दुसरा आठवडा मला जास्त सोयीचा वाटतो. रात्र लवकर होते, हवा बरी असते, आणि १२-१३ ऑगस्टच्या सुमारास ययाती तारकासमूहातून होणारा उल्कावर्षाव ऐन भरात असतो. महाराष्ट्रात हा उल्कावर्षाव बहुतेक वर्षी ढगांत जातो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाच्या रात्री पावसाळा सरल्यावर सुरू होतात त्या यामुळेच. मुंबईजवळच्या वांगणीच्या माळावर शेकोटीच्या दिवसांत मृग आणि व्याध पाहिलेल्या माणसाला आकाशगंगेचा गाभा संध्याकाळी निवांत पाहायला मिळालेला नसतो, कारण धनु रास रात्रीच्या पहिल्या प्रहरी वर येते तेव्हा आपल्याकडे आषाढ-श्रावणाची झड असते. अमेरिकेत शाळांची मोठी सुट्टी आणि धनु राशीचे दिवस एकत्र येतात. मराठी आकाशप्रेमींसाठी हा खरा लाभ आहे आणि तो हातचा घालवू नये.

तिथे काय पाहावं? पहिल्या रात्री साध्या डोळ्यांनी उत्तर दिशा शोधावी. पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, एखाद्या इमारतीमागे सहज लपतो. इथे तो ४२ अंशांवर, जवळपास अर्ध्या आकाशात चढलेला दिसतो. सप्तर्षी आपल्याकडे उगवतात आणि मावळतात. इथे त्यांचा शेवटचा तारा मरीची क्षितिजाला जेमतेम टेकायला येतो आणि पुन्हा वर जातो. शर्मिष्ठा तर अजिबात मावळत नाही. दक्षिणेला याची भरपाई करावी लागते. ज्येष्ठा खाली झुकलेली असते आणि वृश्चिकाची नांगी जंगलाच्या शेंड्यांत अडकते. अगस्ती पेनसिल्व्हेनियातून कधीच दिसत नाही. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना सोबत न्यावं, कारण हे फरक त्यांना आधी जाणवतात. “ध्रुव केवढा वर गेलाय रे!” हे वाक्य नातवंडांना पृथ्वीचा गोलाकार कोणत्याही आकृतीपेक्षा चांगला समजावतं.

मग दुर्बिणीची पायरी. सात बाय पन्नास किंवा दहा बाय पन्नास ही साधी दोन डोळ्यांची दुर्बीण पुरते. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते तो, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पाठीवर झोपून ती छातीशी टेकवली की हात थरथरत नाहीत. धनु राशीत ताऱ्यांची किटली जुळते. तिच्या तोटीतून वाफ निघावी तशी आकाशगंगा वर जाते आणि तोटीच्या जरा वर एक धुरकट पुंजका दिसतो. तिथे नवे तारे जन्माला येत आहेत. अभिजित, श्रवण आणि हंस यांचा त्रिकोण डोक्यावर असतो. त्याच्या मधून आकाशगंगेला दुभागणारी काळी फट गेली आहे, ती म्हणजे पलीकडच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारी धूळ. रात्री अकरानंतर ईशान्येला शर्मिष्ठेच्या खाली देवयानी वर येते. तिच्यातला लांबट पुसट डाग, म्हणजे देवयानी दीर्घिका, साध्या डोळ्यांनीही दिसतो. हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आजचा माणूस नव्हता, कारण त्याला इथे पोहोचायला २५ लाख वर्षं लागली आहेत. मुलांना आधीच बजावून ठेवावं की इंटरनेटवरच्या फोटोंतले जांभळे-गुलाबी रंग डोळ्यांना दिसणार नाहीत. कॅमेरा मिनिटामिनिटांचा प्रकाश साठवत राहतो, डोळा साठवू शकत नाही, आणि अंधारात रंग पाहणाऱ्या पेशी झोपलेल्याच असतात. ही गोष्ट माहीत नसली की पहिल्या रात्री हिरमोड होतो.

मोठी दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नये, कारण ताऱ्यांच्या जत्रेला, म्हणजे तिकडच्या ‘स्टार पार्टी’ला, गेलं की डझनांनी दुर्बिणी फुकट पाहायला मिळतात. चेरी स्प्रिंग्जला जूनमध्ये आणि सप्टेंबरात अशा जत्रा भरतात. तिथे दिसणाऱ्या अनेक मोठ्या दुर्बिणी म्हणजे प्लायवुडच्या पेटीत बसवलेली जाडजूड नळी असते. त्यांना डॉब्सोनियन म्हणतात. त्यामागचा माणूस आपल्याला परका वाटू नये. जॉन डॉब्सन १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मला आणि बर्कलीला रसायनशास्त्र शिकला. १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात, म्हणजे रामकृष्ण संघाच्या परंपरेत, तो दाखल झाला. विश्व कशाचं बनलं आहे हा प्रश्न तिथेही त्याची पाठ सोडीना. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून त्यानं आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवले आणि त्या दुर्बिणी ढकलत बाहेर नेऊन शेजारपाजारच्यांना आकाश दाखवू लागला. मठाच्या शिस्तीत हे बसेना. १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत फुटपाथवर दुर्बीण मांडणाऱ्यांचा गट उभा राहिला. आपल्या रचनेचं पेटंट त्यानं कधी घेतलं नाही. मोठा आरसा सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागला तो त्याच्यामुळे. २०१४ साली, ९८ व्या वर्षी तो गेला. जत्रेत कुणाच्याही दुर्बिणीपाशी जाऊन “बघू का?” म्हणून विचारावं, सहसा कुणी नाही म्हणत नाही. डोळा लावताना नळीला हात मात्र लावू नये.

अंधाराची किंमत फक्त हौशी मंडळींनाच कळते असं नाही. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरून एडविन हबलनं १९२० च्या दशकात देवयानीचं अंतर मोजलं. पुढे लॉस एंजलिस वाढत गेलं आणि तिथलं आकाश फिकटलं. दुसऱ्या महायुद्धात शहराचे दिवे झाकले गेले. वेधशाळेतले बरेच शास्त्रज्ञ युद्धाच्या कामावर गेले होते. वॉल्टर बाडे जर्मन नागरिक असल्यामुळे त्याला त्या कामात घेतलेलं नव्हतं. १०० इंची दुर्बीण बऱ्याच अंशी त्याच्या वाट्याला आली. त्या अंधारात त्यानं देवयानीच्या गाभ्यातले सुटे तारे पहिल्यांदा वेगळे टिपले. ताऱ्यांच्या दोन पिढ्या असतात हे १९४४ साली त्यातून मांडलं गेलं. आकाशाला मिळालेली ही संधी युद्धामुळे आली होती हे विसरून चालणार नाही. युद्धाशिवायही दिवे झाकता येतात, हे ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावानं दाखवून दिलं.

फ्लॅगस्टाफला १८९४ पासून लॉवेल वेधशाळा आहे. क्लाइड टॉमबॉला १९३० मध्ये प्लूटो सापडला तो इथेच. १९५८ साली गावानं जाहिरातीसाठी आकाशात झोत फिरवण्यावर बंदी घातली. मग दिव्यांना वरून झाकणं, मग प्रकाशाच्या प्रमाणाला मर्यादा, असं एकेक पाऊल पडत गेलं. १९८८ मध्ये ॲरिझोनातच, टूसॉनला, काळ्या आकाशासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २००१ साली त्या संघटनेनं जगातली पहिली ‘डार्क स्काय सिटी’ म्हणून फ्लॅगस्टाफची निवड केली. पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचं हे गाव आहे, हॉटेलं आहेत, विद्यापीठ आहे, रस्त्यावर दिवेही आहेत. फक्त त्यांचा उजेड जिथे चालायचं तिथेच पडतो. आपल्याकडच्या नगरपालिकांच्या सदस्यांची सहल काढायची झालीच, तर मी ती इथे काढेन. महाराष्ट्रात २०२४ पासून पेंच व्याघ्र प्रकल्पाला याच संघटनेची मान्यता आहे, भारतात पहिली. त्यामुळे हा विचार आपल्यालाही अपरिचित राहिलेला नाही.

फ्लॅगस्टाफहून दीड तासावर ग्रँड कॅन्यन. लास व्हेगसहून बसनं येऊन, कठड्यापाशी फोटो काढून संध्याकाळी परतणारी अनेक मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं की एक रात्र तिथे राहा. दर जूनमध्ये अमावास्येच्या आसपास आठवडाभर तिथे ताऱ्यांची जत्रा असते. हौशी निरीक्षक देशभरातून आपापल्या दुर्बिणी घेऊन येतात, आणि उद्यानाच्या प्रवेशशुल्कापलीकडे एक पैसा पडत नाही. दक्षिण कडा सात हजार फुटांवर आहे, जूनच्या रात्रीही स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ॲरिझोनात पावसाळी ढग दाटतात, तेव्हा तिकडचा बेत नको. युटामधलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जगातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. तिथे जवळ मोठं गाव नाही, पाणी आणि पेट्रोल भरून घेतल्याशिवाय निघू नये. डेथ व्हॅलीचं आकाशही अप्रतिम आहे, पण तिथे फक्त हिवाळ्यात जावं.

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना राज्याबाहेर जायची गरज नाही. फोर्ट डेव्हिसजवळच्या डोंगरावर मॅक्डोनल्ड वेधशाळा आहे. तिथे आठवड्यातून काही रात्री लोकांसाठी आकाशदर्शन असतं, तिकिटं आधी काढावी लागतात. तिथून मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत आणि पलीकडेही मिळून पंधरा हजार चौरस मैलांचा प्रदेश २०२२ साली काळ्या आकाशासाठी राखीव म्हणून मान्य झाला. बिग बेंड उद्यान त्यातच येतं, २९ अंश अक्षांशावर. हिवाळ्याच्या रात्री तिथल्या दक्षिण क्षितिजावर, आठेक अंश उंचीवर, अगस्ती दिसतो. पेनसिल्व्हेनियात हुकलेला तारा पाहायचा तर हीच जागा. व्याध सापडला की त्याच्या खाली, दक्षिणेकडे थेट उतरत यावं.

सामानाबद्दल थोडंसं. पहाटेपर्यंत दंव इतकं पडतं की चटई चिंब होते. खाली मेणकापड आणि वर घोंगडी हवीच. चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा जरूर न्यावा, पण झोपताना खाण्याचं सगळं गाडीत बंद करून ठेवावं, कारण पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात अस्वलं आहेत. मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी नसते, नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. परतीचा प्रवास रात्री दोन वाजता सुरू करू नये. पेंगत गाडी चालवणं धोक्याचं असतं, आणि त्या रस्त्यांवर हरणं अचानक आडवी येतात.

आणि ढगांचं काय? पूर्व किनाऱ्याकडच्या उन्हाळ्यात दोन रात्रींपैकी एक ढगाळ निघणं नित्याचं आहे. म्हणून एकाच रात्रीचा बेत करू नये, दोन-तीन रात्री हाताशी ठेवाव्यात. मेरीलँड-व्हर्जिनियाकडच्या मंडळींना आणखी एक चांगला पर्याय आहे, वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रीन बँक. १९५८ सालीच तिथल्या तेरा हजार चौरस मैलांत रेडिओ लहरींवर निर्बंध आले, जेणेकरून आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत ऐकता यावेत. तिथली सध्याची दुर्बीण म्हणजे शंभर मीटर व्यासाची, हवी तिकडे वळवता येणारी थाळी. पेट्रोलच्या इंजिनातल्या ठिणगीचाही तिला त्रास होतो, म्हणून तिच्या जवळ फक्त डिझेलच्या गाड्या नेतात आणि पाहुण्यांनाही तशाच बसमधून फिरवतात. आकाशगंगेतल्या हायड्रोजनकडून येणाऱ्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढगांना जुमानत नाहीत, त्यामुळे दिवसाढवळ्या आणि भर पावसातही तिचं काम चालू असतं. जवळच वाटोगा हे डार्क स्काय पार्क आहे. मुक्काम तिथे करावा, रात्र मोकळी मिळाली तर तारे पाहावेत, नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी सकाळची ग्रीन बँकची फेरी गाठावी.